लायब्ररीचा शिक्का मारलेली कव्हरं: ठेवू की नवी छापू?

लोकोशेड, भुसावळ

मंडळी, दोन वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज प्रश्न घेऊन आलोय आणि जरा घाईत आलोय, कारण पोराला रविवारी सुट्टी आहे आणि तो कात्री न् स्कॅनर घेऊन बसणार आहे. त्याच्या आत सांगा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक व्हिडिओ लायब्ररी होती. मालकांना सगळे नानाच म्हणायचे. लायब्ररी बंद होऊन जमाना झाला, खाली आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. नाना ऐंशीच्या पुढे गेलेत, पण कान शाबूत आणि हिशोब त्याहून शाबूत. परवा त्यांच्या मुलाचा फोन आला, "भाऊ, घर पाडतोय, माळ्यावर तीन पोती निघालीत, भंगारवाला किलोवर मागतोय. तुला नाद आहे म्हणून आधी तुला विचारतोय." मी ड्यूटीवरून तसाच गेलो. अठराशे रुपये दिले, चहा पिलो, आणि लोटगाडीवर पोती टाकून घरी आणली. घरची म्हणाली, आता दारावर पाटी लावा, जुना माल घेतला जाईल.

मोजणी केली. व्हीएचएस क्यासेटी २१२. व्हीसीडी साधारण साडेतीनशे, त्यातल्या अर्ध्यांचा पहिला भाग आहे तर दुसरा नाही. पण माझा जीव ज्याच्यासाठी अडकला होता ते म्हणजे दोन अल्बम. लग्नाच्या फोटोंचे असतात तसे जाडजूड, पानापानाला प्लास्टिकचे खिसे.

ज्यांनी ती पद्धत पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नानांकडे क्यासेट कधी कव्हरासकट मिळालीच नाही. नवीन क्यासेट आली की नाना तिचं कव्हर काढायचे, मागचा भाग आणि कणा कात्रीनं उडवायचे, आणि उरलेला पुढचा तुकडा अल्बममध्ये सरकवायचे. क्यासेट जायची काळ्या डब्यात, डब्यावर नुसता नंबर. गिऱ्हाइकानं ओट्यावर बसून अल्बम चाळायचा आणि नंबर सांगायचा. क्यासेट बाहेर गेली की नाना खिशातलं कव्हर उलटं करून ठेवत. पांढरी पाठ दिसली म्हणजे पिक्चर कुणाच्या तरी घरी चालू आहे. शनिवारी संध्याकाळी सात वाजता गेलं की अर्धा अल्बम पांढरा असायचा. आम्ही पोरं त्यातूनही आशेनं पानं उलटायचो.

आणि निवड कशावर? कव्हरावर. दुसरं होतंच काय आमच्याकडे? आईला देवाधर्माचं नाही तर रडारडीचं लागे, मला आग पाहिजे, गाडी उडलेली पाहिजे. एका हिंदी पिक्चरच्या कव्हरवर हिरोच्या डोक्यावर हेलिकॉप्टर होतं. त्यासाठी मी दोन दिवस जेवण सोडलं होतं (एक वेळचं). वडिलांनी आणून दिला. व्हीसीआर भाड्यानं, रात्री दहाला सुरू. मी हेलिकॉप्टरची वाट बघत बसलो. मध्यंतर गेलं, हिरोची आई गेली, व्हिलन गेला, हेलिकॉप्टर काही आलं नाही. पिक्चरचं नाव डोक्यातून गेलं, ते हेलिकॉप्टर गेलं नाही.

तर आता माल असा आहे. प्रत्येक कव्हरावर नानांचा जांभळा अंडाकृती शिक्का. बरोबर हिरोच्या गालावर. वर मार्करनं नंबर, आणि काहींवर गुलाबी चिठ्ठी, 'क्यासेट रिवाइंड करून आणावी'. एका कव्हराच्या कोपऱ्यात दिवाकर यांची सही आहे, म्हणजे अर्धीच आहे, उरलेली नानांच्या कात्रीनं नेली. सत्तरच्या दशकातली किती पोस्टरं दिवाकर करकरे यांच्या हातची होती हे इथल्या लोकांना सांगायला नको. फोटोवर रंगाचे असे जाड फटकारे की चेहरा पेटल्यासारखा दिसावा. ते चित्र कात्रीतून जाऊन हातभर अल्बमात चाळीस वर्षं जगलं याचं मला अप्रूप वाटतं, आणि सही कापली याचा रागही येतो.

पोराचं म्हणणं, "पप्पा, सगळी स्कॅन करतो, एआयनं शिक्का काढतो, कणा न् पाठ नवीन तयार करतो, क्यासेटला पूर्ण कव्हर घालू. कपाटात एका रांगेत झक्कास दिसेल." दिसेल, यात वाद नाही. एक करूनही दाखवलं त्यानं, मोबाइलवर अल्बमचा फोटो काढून. शिक्का गेला. हिरोचा गाल गुळगुळीत झाला. इतका गुळगुळीत की तो हिरो राहिला नाही, साबणाच्या जाहिरातीतला पोरगा झाला.

मला ठरवता येत नाहीये. आणखी एक अडचण. नऊ खिशांत कव्हरं उलटी आहेत, म्हणजे ज्या क्यासेटी परत आल्याच नाहीत त्या. हे खिसे चिकटलेत. प्लास्टिक दुधाळ झालंय, आत निळसर काहीतरी दिसतं, वाचता येत नाही. माळ्यावर पत्रा होता आणि भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. ओढायची हिंमत झाली नाही. हेलिकॉप्टर बाकी अल्बमात कुठेच नाही, म्हणजे असलं तर या नवांत.

---

कोरलवाला, जळगाव

लोकोशेड भाऊ, पहिल्यांदा एक विनंती. इथे बरेच जण व्हीसीडीच्या कव्हरांना 'मुंडक्यांची गर्दी' म्हणून हसतात. त्यातली काही मुंडकी मी कापलेली आहेत.

२००० सालानंतरची सात-आठ वर्षं मी अहिराणी गाण्यांच्या आणि कॉमेडीच्या सीड्यांची कव्हरं केली. नवी पेठेत एका ऑफसेटवाल्याच्या पोटमाळ्यावर एक कॉम्प्युटर, त्यात डिझाइनसाठी कोरल ड्रॉ आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. फाइल सेव्ह करताना देवाचं नाव घ्यावं लागे, कारण मशीन हँग व्हायचं. तेव्हा मुंडकी का, ते ऐका.

सिनेमाचं पोस्टर तीस इंच बाय चाळीस. म्हणजे रुंदी तीन तर उंची चार. क्यासेटचं तोंड किती? साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि १९ उंच. लांबुळकं. पोस्टर त्यात बसवायचं तर उंची धरून दोन्ही बाजू कापाव्या लागतात. म्हणून तुमच्या अल्बमात हिरो मध्ये सलामत आणि व्हिलन अर्ध्या मिशीचा. नाना बिचारे नंतर आले, पहिली कात्री कव्हर बनवणाऱ्यानंच चालवलेली असते. मग आली व्हीसीडी. तिचं कव्हर १२० मिलिमीटरचा चौकोन. आता वरखालून कापा. वर आभाळ गेलं, खाली पिक्चरचं नाव गेलं. उरलं काय? त्यापेक्षा पोस्टर बाजूला ठेवा, चेहरे कापा, चौकोनात रचा, नाव मध्ये तिरकं टाका. मुंडक्यांची गर्दी ही अशी झाली. डीव्हीडीचं तोंड परत पोस्टरच्या मापाजवळ आलं, पण तोवर सगळ्यांच्या हाताला चेहरे कापायची सवय लागली होती.

आमच्याकडे तर निर्माता, हिरो आणि फायनान्सर एकच माणूस. तो चार बाय सहाचे फोटो घेऊन यायचा आणि सांगायचा, "माझं तोंड सगळ्यात मोठं घे, साल्याचं मध्यम घे, त्यानं दहा हजार लावलेत." एकदा हिरॉइनचं तोंड मी मोठं केलं तर माणूस धावत आला. "नको नको, तिच्या घरी माहीत नाही." मग तिला पाठमोरी केली. लोकांना वाटलं काय आयडिया केलीये डिझायनरनं.

रंगाबद्दलही बोलतात. पिवळ्यावर लाल अक्षर, त्याला पांढरी आउटलाइन, बाहेर काळी. अहो, ती सीडी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर लटकणार, गिऱ्हाईक एसटीच्या खिडकीत, कंडक्टरनं घंटी मारायच्या आत त्याला वाचता आली पाहिजे. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, गाण्यांची सीडी म्हणजे तर परीक्षाच. रविवारी कानबाई बसणार, त्याच्या आठ दिवस आधी माल स्टॉलवर पाहिजे, आणि गाणारा फोटो घेऊन येतो चार दिवस आधी. लग्नपत्रिकेच्या शीटला कडेची पट्टी उरायची, तिथे कव्हरं बसवून छापायचो. काही कव्हरांच्या कडेला नीट पाहिलं तर 'आमच्या येथे श्री कृपेकरून' चा शेपटा सापडेल.

मालेगावच्या पोरांनी मोठमोठ्या पिक्चरांच्या नकला काढल्या, त्यांच्यावर २००८ साली माहितीपट आला, जगभर गाजला. कव्हर करणाऱ्यावर कोण काढतो?

मग मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत आणली. असली, दुकानात, बिलासकट. आमच्या नुसत्या छपाईचं गणित तिथे कोलमडलं. उरलंसुरलं गोलाणी मार्केटमध्ये मेमरी कार्ड भरून देणाऱ्यांनी संपवलं. मेमरी कार्डाला कव्हर नसतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नवी छापायचीच असतील तर झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढू नका. घडीवर टोनर फुटतो, कण्यावर पांढरी रेघ येते. १३० जीएसएम आर्ट पेपर, ऑफसेट किंवा चांगलं डिजिटल प्रेस, घडीच्या जागी आधी क्रीझ मारून, म्हणजे दाबून रेघ पाडून घ्या. पण माझं मत विचाराल तर छापू नका. शिक्का मारणाऱ्यानं पैसे मोजून क्यासेट घेतली होती.

---

धुळेकर_पुण्यात

मी उलट बाजूनं बोलणार आहे, रागावू नका.

शिक्का, मार्कर, चिठ्ठी हे सगळं लायब्ररीवाल्याच्या धंद्याचं आहे, पिक्चरचं नाही. चित्रकारानं काढलं होतं त्यावर हे चढलेलं आहे. जुन्या वाड्याच्या लाकडी खांबावर कुणी ऑइल पेंट फासला तर तो 'इतिहास' म्हणून जपायचा का? मुलगा बरोबर सांगतोय, फक्त एआय नको. दुसऱ्या प्रतीवरून, मूळ पोस्टरवरून काम करा.

माझ्याकडे आता मुख्यतः ब्लू-रे आहेत, बाहेरून मागवलेल्या. आपल्याकडच्यांनी त्यांच्याकडून एवढं तरी शिकायला हवं होतं. अमेरिकेतली क्रायटेरियन कंपनी १९८४ पासून हेच करतेय, डीव्हीडीच्या आधीच्या लेझरडिस्कच्या काळापासून. प्रत्येक पिक्चरला कण्यावर नंबर, आणि बऱ्याचदा चित्रकाराकडून मुद्दाम करून घेतलेलं नवीन कव्हर. काहींना ती नवी चित्रं आवडत नाहीत, मलाही सगळी आवडत नाहीत. कधी कधी एक खुर्ची, एक सावली, आणि बाकी पान कोरं. पण कुणीतरी पिक्चर बघून विचार केलाय हे कळतं. ब्रिटनची अॅरो कंपनी तर भांडणच मिटवते. कागदाच्या एका बाजूला नवीन चित्र, दुसऱ्या बाजूला मूळ पोस्टर. आवडेल ते बाहेर करून घाला. माझ्या कपाटात सगळी मूळ बाजू बाहेर आहे. म्हणजे नव्या चित्राचे पैसे फुकट गेले, ते असो.

आणि आपण? सत्यजित राय स्वतःच्या पिक्चरांची पोस्टरं स्वतः करायचे, अक्षरं स्वतः काढायचे. ज्या देशात दिग्दर्शक हे करून गेला तिथे डीव्हीडीच्या कव्हरवर हिरोचा पंधरा वर्षांनंतरचा फोटो छापतात. मागे लिहितात ५.१ साउंड, आत मोनो. थ्री-इन-वन म्हणून तीन पोस्टरं एका तोंडावर कोंबतात, त्यात मधल्या पिक्चरचं नावच दिसत नाही. आजीसाठी मी धुळ्यात आग्रा रोडवरून एक जुन्या पिक्चरची व्हीसीडी आणली होती. कव्हर रंगीत. गुलाबी साडी, हिरवं झाड. लावली तर आत कृष्णधवल. आजी दहा मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "बाळा, टीव्हीचा रंग गेला वाटतं, रिपेरवाल्याला बोलाव." मी तेव्हापासून कव्हरांच्या बाबतीत कडक झालोय.

स्टीलबुकचंही एक सांगून टाकतो, कारण दुखणं ताजं आहे. पत्र्याचं सुंदर डबं, नक्षी उठावाची, किंमत विचारू नका. कुरिअरनं कोपऱ्याला पोचा पाडून आणून दिलं. आता ते तोंड भिंतीकडे करून ठेवलंय. बायको म्हणते, जेवणाचा डबा समजून वापर.

---

तापीकाठची, चोपडा

लोकोशेड दादा, वाद चालू राहू द्या, पण रविवारच्या आत अल्बमचं काम करा, कारण खरा शत्रू तो अल्बम आहे. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. जुन्या कागदांशी रोजची गाठ.

ते खिसे पीव्हीसीचे असणार. पीव्हीसी मऊ ठेवायला त्यात जे घालतात ते उष्णतेनं बाहेर येतं, खिसा दुधाळ आणि चिकट होतो, आणि छपाईची शाई कागद सोडून प्लास्टिकला धरते. इतकी वर्षं पत्र्याखाली ठेवलं म्हणजे आपण ते रोज थोडं थोडं शिजवलंय. कव्हर खिशातून ओढू नका. खिशाच्या तीन कडा ब्लेडनं कापा, अल्बमचं पान टेबलावर सपाट ठेवा, आणि प्लास्टिक कागदापासून सोडवा. कागद प्लास्टिकपासून नाही. प्लास्टिक अगदी मागे दुमडत, जवळजवळ स्वतःवरच वळवून, नखाएवढं नखाएवढं सरकायचं. सकाळी लवकर करा, गारव्यात. जिथे शाई प्लास्टिकवर आलेली दिसेल तिथे थांबा आणि तो तुकडा तसाच राहू द्या. सुटलेली कव्हरं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, नाहीतर साध्या आम्लरहित कागदात. लॅमिनेशन अजिबात नको. मायेनं लॅमिनेट करून आणलेली किती चांगली कागदपत्रं माझ्याकडे आलीत, ती आता कुणालाच सोडवता येत नाहीत. सेलोटेपचंही तेच.

गुलाबी चिठ्ठ्या निघतील. हेअर ड्रायर कमी गरमवर, लांबून. पण काढता कशाला?

क्यासेटींचं वेगळं. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसते का बघा. बुरशी असेल तर ती क्यासेट व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड खराब होतं आणि तेच हेड पुढच्या चांगल्या क्यासेटलाही बुरशी लावतं. उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको.

धुळेकरभाऊंना एक सांगायचंय. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. तिथे रिळांबरोबर पोस्टरं जपली, टॉकीजबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्याही जपल्या. त्या चोपड्यांचं मोल छपाईमुळे नव्हतं हो, छपाई तर वाईटच असायची. माझ्या आत्याकडच्या चोपडीत आवडत्या गाण्यापुढे पेन्सिलीनं फुली आहे आणि एका पानावर हळदीचं बोट आहे. तुमच्या वाड्याच्या खांबाचं उदाहरण इथे बसत नाही. ऑइल पेंट वरून फासतात. हा शिक्का नसता तर ते कव्हर भुसावळात आलंच नसतं.

स्कॅन मात्र जरूर करा. ६०० डीपीआय, दोन्ही बाजू. मग पोराला त्या स्कॅनवर काय हवं ते खेळू दे.

---

बोरीकाठ, अमळनेर

भाऊ, नवं छापीसन काय करशी? तुना नानानी मेहनत त्या कात्रीमा शे.

बाकी मराठीत सांगतो. ताईंनी 'दोन्ही बाजू' म्हटलं ते वाचून आठवलं. आमच्याकडचा लायब्ररीवाला वही ठेवायचाच नाही. कुणी कधी नेली, कधी आणली, सगळा हिशोब कव्हराच्या पाठीवर. म्हणून तर उलटं करून ठेवायचे, समोरच दिसावं म्हणून. तुमच्या नवांत निळं काहीतरी दिसतं म्हणताय. मागे बघा.

---

लोकोशेड, भुसावळ

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. दोन दिवस नाइट होती. आज पहाटे पाचला येऊन झोपलोच नाही, ताई म्हणाल्या तसं गारव्यात बसलो. पोरगाही उठला. एका कव्हराला पाऊण तास लागला. नऊपैकी सहा सुटली, दोघांचा रंग प्लास्टिकवर गेलाय म्हणून तशीच ठेवली, एक अर्धं सोडून थांबलोय.

बोरीकाठ भाऊ, तुम्ही बरोबर. पाठीवर निळ्या बॉलपेननं नानांचं बारीक अक्षर. आधी सभासद नंबर, मग तारीख, परत आली की बरोबरची खूण. काही ठिकाणी शेरे. 'फीत गुंतली.' 'रिवाइंड नाही, २ रु.' एका ठिकाणी नुसतं 'पाऊस'. पोरगा शेरे वाचत होता आणि मी मागून चहा घेऊन उभा होतो. त्यानंच विचारलं, पप्पा, हे सगळे नंबर कोण? मला त्यातले अकरा आठवले. ४० नंबर मास्तर होते. ६३ नंबर आमच्या शेजारचे, ते एकच पिक्चर वर्षात चारदा न्यायचे, आता कळलं. स्कॅनरवर ठेवायच्या आधी त्यानं स्वतःहूनच म्हटलं, की शिक्का राहू दे, मागची बाजू पण घेऊ. मी काही बोललो नाही.

कोरलवाला भाऊ, तुमच्या मापाचं खरंय. फूटपट्टी लावून बघितली. आणि धुळेकरभाऊ, तुमच्यासाठी एक कव्हर मी दोन्ही बाजूंनी दिसेल असं काचेत घालणार आहे. अॅरो कंपनीनं नानांची आयडिया उचलली असं समजा.

आता मुख्य. सुटलेल्यांतलं सहावं कव्हर पोरानं पलटलं, तर हेलिकॉप्टर. तेच. हिरोच्या डोक्यावर, पंखा अर्धा कापलेला. तीन मिनिटं मी नुसता बघत होतो. आठवणीत ते केवढं मोठं होतं, प्रत्यक्षात माझ्या अंगठ्याएवढं आहे, आणि नीट पाहिलं तर कुठून तरी दुसरीकडून कापून चिकटवलेलं दिसतंय, कडेला निळी रेघ आहे. कोरलवाला भाऊ, तुम्ही तर नाही ना?

मग पोरानं पाठ वाचली. चौदा नोंदी. तेरांपुढे खूण. शेवटची: ११७, २३/५/९२. पुढे खूण नाही.

११७ आमचा नंबर. वडिलांच्या नावानं होता.

म्हणजे तेहतीस वर्षं नानांची क्यासेट आमच्याकडे आहे आणि मी त्यांच्याच घरी बसून चहा पिऊन अठराशेत पोती उचलून आणली. नानांना फोन केला. म्हटलं, नाना, असं असं सापडलंय. त्यांनी एवढंच विचारलं, "तारीख काय लिहिलीये?" मी सांगितली. म्हणाले, "शनिवार होता तो. दिवसाला दोन रुपये, बाकी तू मांड." पोरानं मांडलं. चोवीस हजार नव्वद, लीप वर्षं न धरता. नाना फोनवर इतके हसले की मागून सून विचारायला आली.

आईला विचारलं, तर तिला लगेच आठवलं. म्हणाली, "त्या मे महिन्यात तुझा मामा आला होता यावलहून. आम्हाला पण दाखवतो म्हणून घेऊन गेला. तुझे बाबा दोनदा बोलले त्याला."

मामाला सकाळपासून तीनदा फोन लावलाय. रिंग जाते, उचलत नाहीत.